तेवीस कलमं आणि एक पेटी

आमच्या नगरपालिकेच्या परवाना विभागात मी अकरा वर्षं कारकून होते. शेजाऱ्याच्या गटारीविरुद्ध, समोरच्याच्या जिन्याविरुद्ध, सख्ख्या भावाच्या पत्र्याच्या शेडविरुद्ध तक्रारी घेऊन येणारी माणसं रोज पाहिली. स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेला माणूस एकच. गुंडूआप्पा शिंत्रे. तक्रार दोन प्रतींत होती आणि एका प्रतीवर त्याला पोच पाहिजे होती.

गावाचं नाव मी सांगत नाही. निपाणीच्या अलीकडे, हायवेला चिकटलेलं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहायचं म्हटलं तर मराठीत एक आणि कानडीत दुसरं, आणि कुठलं आधी लिहायचं यावरून आमच्या सभागृहातल्या दोन खुर्च्या मोडलेल्या आहेत.

गुंडूआप्पाला गावात पेपरआप्पा म्हणत. सत्तरीचा, उंच, किडकिडीत. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. बोटं कायम छापखान्याच्या शाईनं काळी. ऑफिसात कुठलाही कागद हातात घ्यायच्या आधी तो दोन्ही हात मागे नेऊन शर्टाच्या पाठीला पुसायचा. त्यामुळे त्याचा शर्ट पुढून पांढरा आणि मागून राखाडी असे. कागद शाईनं खराब होऊ नये याची काळजी घेणारा माणूस आमच्या ऑफिसात तसा दुर्मीळच.

पहाटे पाचला बेळगावचे आणि कोल्हापूरचे गठ्ठे उतरले की तो सायकलवर घरोघर पेपर टाकायला जाई. मग उरलेल्या गिऱ्हाइकांना पेपर कोण देणार? त्यासाठी त्यानं स्टँडच्या कोपऱ्यावर, फूटपाथवर, एक पेटी ठेवली होती. पत्र्याची, हिरवी, कमरेएवढी उंच. वर काचेचं झाकण, बाजूला पैसे टाकायला फट, आणि अलीकडे फटीखाली मोबाईलवरून पैसे पाठवायचा चौकोनी स्टिकर. समोर मालक नाही. वखारीत तंबाखूच्या कामाला जाणाऱ्या बायका, कोल्हापूरच्या गाडीची वाट बघणारे नोकरदार, एक निवृत्त हेडमास्तर, अशी माणसं येत, झाकण उघडत, आपापल्या भाषेचा पेपर घेत आणि पैसे टाकून जात.

"फुकट नेत न्हाईत का कोण?" असं मी त्याला एकदा विचारलं.

"वाचनारा पैसं टाकतोय," तो म्हणाला. "आनि भजी बांधायला पायजे त्यो रद्दी नेतोय. ताजा कशाला नील?"

पेटीत मराठी पेपर वर ठेवायचे की कानडी, हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. आप्पानं तो सोडवला होता. एक दिवस मराठी वर, दुसऱ्या दिवशी कानडी वर. आज कुणाचा दिवस हे झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असे. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मात्र, जेव्हा गावात निम्म्या लोकांचा सण असतो आणि निम्म्यांचा निषेध, तेव्हा तो इंग्रजी पेपर वर ठेवी. त्या दिवशी इंग्रजीचे जास्त खपत नसत, पण काच शाबूत राही.

ही पेटी वीसेक वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. ती आली एका फोटोमुळे.

आमचे तेव्हाचे चीफ ऑफिसर दक्षिणेकडून बदलून आलेले. तरुण, हुशार, कामाचा झपाटा असलेले. मराठी त्यांना येत नसे. कानडी आणि हिंदीत आमचं भागायचं. त्यांनी मेन रोडला फरशांचा नवा फूटपाथ केला आणि स्टँडच्या कोपऱ्यावर त्याचं उद्घाटन ठेवलं. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला तेव्हा फोटोच्या बरोब्बर मध्यभागी हिरवी पेटी होती, आणि हेडमास्तर नेमके त्याच क्षणी पेपर काढत असल्यामुळे उघड्या झाकणाआड वॉर्डाच्या नगरसेवकाचा चेहरा नाकापासून वर गडप झाला होता. गंमत म्हणजे तो पेपर त्याच पेटीतून विकला गेला आणि त्या दिवशी दहालाच संपला.

नगरसेवक येऊन चीफ ऑफिसर साहेबांच्या केबिनमध्ये तास-दीड तास बसले. ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, फूटपाथवरच्या पेपरच्या पेटीसाठी आपल्याकडे रूल काय आहे?"

"काही नाही सर. गावात एकच पेटी आहे."

"रूल नाही म्हणजे काढता येत नाही?"

"कशाखाली काढली असं लिहायचं, सर?"

साहेबांना हे पटलं. नियमाशिवाय काम करणारा माणूस नव्हता तो. त्यांनी त्या दुपारी इंटरनेटवर शोध घेतला आणि परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या शहराची, फूटपाथवरच्या वर्तमानपत्रांच्या पेट्यांसाठी केलेली नियमावली त्यांना सापडली. कॉम्प्युटरनंच तिचं कानडी करून दिलं आणि मराठी मी केलं. तेवीस कलमं. पेटीची उंची, रुंदी, रंग. दोन पेट्यांमधलं अंतर, जे आमच्या गावात मोजायचं म्हटलं तरी दुसरी पेटी नव्हती. अग्निशामक नळापासून पंधरा फूट. आणि अकरावं कलम: पेटीभोवती बर्फ साचल्यास तो पेटीधारकानं चोवीस तासांच्या आत हटवावा.

मी म्हटलं, "सर, बर्फाचं तेवढं काढूया?"

"इरली बिडी," साहेब म्हणाले. राहू दे. "एक कलम काढलं तर नंबर बदलतात. मग पुढच्या कलमांतले सगळे संदर्भ चुकतात."

सर्वसाधारण सभेत नियमावली मांडली तेव्हा चर्चा दोन तास चालली, आणि ती सगळी मुखपृष्ठावर कुठली भाषा वर असावी याविषयी होती. मुखपृष्ठ उलटून कुणी पाहिलं नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या सभागृहात एकमत झाल्याचं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

शिपाई मारुती नोटीस घेऊन गेला. साहेबांचा अंदाज असा होता की तेवीस कलमं बघून म्हातारा घाबरेल आणि पेटी उचलून घरी नेईल. मलाही तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. पाठीला हात पुसून त्यानं पिशवीतून नियमावली काढली. कलमांसमोर पेन्सिलीनं खुणा होत्या.

"आक्का, वाचलं समदं," तो म्हणाला. त्याची लेक शोभेन एवढ्या वयाची मी, पण तो मला आक्काच म्हणे. "चांगलं लिवलंय. पाळतो. चार ठिकानी तेवढं समजंना झालंय."

"विचारा की."

"ह्यो आग इझवायचा नळ. त्येच्यापास्नं पंधरा फूट म्हंत्यात. गावात नळ हाय कुटं?"

"नाही आप्पा."

"मंग मोजायचं कुटनं?"

"नाहीच म्हटल्यावर मोजायचं कशाला?"

"तसं न्हाई चालत. उद्या कोन म्हनंल, हिकडं नळ हुता. नळ न्हाई म्हनून लिवून द्या."

'लिवून द्या' हा त्याचा आवडता शब्द. 'लिवून दिल्यालं पाळाय बरं असतंय,' असं त्याचं म्हणणं. मी तो अर्ज बांधकाम विभागाकडे पाठवला. चार आठवड्यांनी उत्तर आलं: सदर नळ अस्तित्वात नसून प्रस्तावित आहे. आप्पानं ते दोनदा वाचलं आणि नळ कुठं प्रस्तावित आहे हे विचारणारा दुसरा अर्ज दिला. बांधकाम विभागाचा अभियंता त्यानंतर महिनाभर मला बघून रस्ता बदलायचा.

बर्फाच्या बाबतीत त्यानं काहीच विचारलं नाही. सरळ स्टॅम्प पेपरवर हमीपत्र करून आणलं. 'मी, गुंडू भाऊ शिंत्रे, राहणार अमुक, धंदा पेपर विक्री, लिहून देतो की माझ्या पेटीभोवती बर्फ पडल्यास मी स्वतः तो मुदतीत काढीन व त्याबद्दल नगरपालिकेस कसलीही तोशीस लागू देणार नाही.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातली एक हेडमास्तरांची होती.

ऑफिसात ते हमीपत्र हातोहात फिरलं. सगळे हसले. मीही हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्यावर 'पाहिले, फाईल करा' असा शेरा मारला.

पुढं एप्रिलात एका दुपारी वळीव आला आणि गारा पडल्या. बोरांएवढ्या गारा, पंधरा मिनिटं. रस्ता पांढरा झाला. पाऊस थांबला तसा आप्पा खराटा आणि पत्र्याचं सूप घेऊन स्टँडच्या कोपऱ्यावर गेला. आडोशाला उभी असलेली माणसं बघत राहिली आणि त्यानं पेटीभोवतालच्या गारा गोळा करून गटारीत टाकल्या. मग नखशिखांत भिजलेला तसाच ऑफिसात आला.

"आक्का, काडलं," तो म्हणाला. "पाऊन तासात. चोवीस तासाच्या आत हाय. पोच द्या."

"आप्पा, त्या गारा होत्या."

"बर्फच की ह्यो. हात लावून बघा पायजे तर." त्यानं रुमालात बांधून चार गारा आणल्या होत्या. माझ्या टेबलावर त्या विरघळेपर्यंत मी पोच लिहीत होते. काय लिहावं सुचत नव्हतं. शेवटी 'कलम अकराचे पालन झाले' एवढं लिहून शिक्का मारला. त्या वेळी मात्र कुणी फारसं हसलं नाही. मारुतीनं फरशी पुसून घेतली आणि त्याला चहा आणून दिला. चहा पिताना आप्पा खुर्चीवर बसला नाही. खुर्ची ओली झाली असती.

तो हे मुद्दाम करतो का, हे मला कळत नव्हतं. बेरकी माणसं आमच्या ऑफिसला नवी नाहीत. पण बेरकी माणूस कुठंतरी डोळ्यांत हसतो. आप्पाच्या चष्म्यामागे तसं काही मला कधी दिसलं नाही.

सातवं कलम सगळ्यात कठीण होतं. पेटी ठेवल्यावर शेजारून चालणाऱ्याला पाच फूट मोकळी वाट राहिली पाहिजे. आमचा नवा फूटपाथ, ज्याचं उद्घाटन झालं तो, सगळा मिळून साडेतीन फुटांचा. त्यातही विजेचे खांब. साहेबांना वाटलं, इथं म्हातारा अडकला.

आप्पानं सुताराकडून टेप आणला आणि आठवडाभर, पेपर टाकून झाले की गावातले फूटपाथ मोजत हिंडला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं नकाशा काढला. कुठं किती फूट, कुठं दुकानाची पायरी, कुठं वडापावची गाडी, कुठं फूटपाथच नाही. असा नकाशा पालिकेकडे नव्हता. अख्ख्या गावात पेटी ठेवून पाच फूट उरतील अशी जागा त्याला एकच सापडली. पालिकेच्या दारासमोरची. तिथं मंत्री येणार म्हणून कधीकाळी आठ फुटांचा फूटपाथ केला होता.

"आक्का, पेटी हितं आनतो," तो म्हणाला. "नियमात ही येवडीच जागा बसती."

"आप्पा, स्टँडचं गिऱ्हाईक जाईल तुमचं."

"जाईल थोडं," तो म्हणाला. "पर चालनाऱ्या मानसाला वाट पायजेच की. त्ये बराबरच लिवलंय सायबांनी."

सोमवारी सकाळी साहेब ऑफिसला आले तर दारात हिरवी पेटी. कानडी वर होतं, कारण सोमवार कानडीचा निघाला. साहेबांना ती हलवायला सांगता येईना, कारण पेटी नियमातली होती. नियमात नव्हती ती त्यांची जीप. आठ फुटांच्या त्या फूटपाथवर रोज साहेबांची जीप आणि तिच्याशेजारी नगरसेवकांच्या मोटारसायकली उभ्या राहत. पेटी आली, जीप आली, आणि चालायला दीड फूट राहिलं.

त्याच आठवड्यात आप्पा ती तक्रार घेऊन आला. अजून मला जवळपास पाठ आहे. 'माझ्या पेटीशेजारी पाच फूट वाट राहत नाही. सबब माझ्याकडून कलम सातचा भंग होत आहे. शेजारी सरकारी जीप उभी असते, तिचा यात दोष आहे की नाही हे मला ठाऊक नाही. तरी माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.'

मी म्हटलं, "आप्पा, हे देऊ नका. साहेब चिडतील."

"का म्हून? माजीच तक्रार हाय न्हवं?"

"जीपचं नाव घेतलंय तुम्ही."

"जीप हाय म्हनून लिवलं. न्हाई म्हनून लिवू व्हय?"

मी पोच दिली. साहेबांनी अर्ज वाचला आणि खिडकीतून खाली जीपकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून जीप मागच्या अंगणात उभी राहायला लागली, आणि जीपच गेल्यावर मोटारसायकलींनाही तिथं उभं राहणं बरं दिसेना. पण त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "त्याचा परवाना दिला का आपण?"

नव्हता दिला. आप्पानं अर्ज कधीच दिला होता, फाईल पूर्ण होऊन माझ्याच कपाटात होती. सहीसाठी वर पाठवू नका, असं तोंडी सांगितलेलं होतं, आणि मी ती तीन महिने खाली ठेवली होती. अशा गोष्टी आम्हाला कुणी लिहून देत नाही.

"मग कलम दोन," साहेब म्हणाले. "दर्शनी भागावर परवाना लावलेला नाही. जप्त करा."

जप्तीचा आदेश मी टाइप केला. माझेच शब्द, माझाच कॉम्प्युटर, आणि परवाना न दिल्याचं कारणही मीच. मारुती आणि दोन कामगारांनी पेटी उचलून मागच्या गोडाऊनमध्ये नेली, जिथं मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले पथदिवे ठेवतात. आप्पा सायकलवरून आला तेव्हा फूटपाथ मोकळा होता. तो वर आला. मी मान वर केली नाही.

"पावती द्या आक्का."

मी पावती लिहिली. एक पत्र्याची पेटी, हिरवी, आत आजची वर्तमानपत्रं. तो पावती घेऊन गेला. मला काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, अजून ऑफिस उघडायचं होतं, मारुतीचा फोन आला. "मॅडम, पेपरआप्पा आलाय. गोडाऊन उघड म्हनतोय."

"कशाला?"

"चौदावं कलम म्हनतोय. पेटी दिसभर रिकामी ऱ्हायली की ती टाकून दिली असं धरत्यात. पेटी माजीच हाय, ती टाकून दिल्याली न्हाई, म्हनून आत पेपर घालायचं हाईत म्हनतोय."

मी फोन धरून चौदावं कलम आठवलं. तसंच होतं. जप्त पेटीला ते लागू नाही असं कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण त्या परदेशी शहरात हा प्रसंग कधी आला नसावा.

"उघड," मी म्हटलं. त्या नोकरीत स्वतःच्या अखत्यारीत मी घेतलेला तो पहिला निर्णय.

त्या दिवसापासून आप्पा रोज गोडाऊनमध्ये येऊन पेटीत पेपर भरू लागला. शिळे काढायचा, ताजे घालायचा, झाकणावर खडूनं भाषा लिहायचा. पेटीत पेपर आहेत म्हटल्यावर गिऱ्हाईक यायला लागलं. हेडमास्तर आले. वखारीतल्या बायका मागच्या फाटकातून घोळक्यानं येत, मोडक्या खुर्च्या सरकवत, पेपर घेत आणि जाता जाता बांधकाम विभागाच्या खिडकीशी थांबून पाणी का आलं नाही ते विचारत. मागं तक्रार खिडकी नव्हती. आता ती झाली. जीपला वळायला जागा उरेना. दोन महिने आमचं गोडाऊन हे गावातलं सगळ्यात गजबजलेलं पेपरचं दुकान होतं, आणि त्याचं भाडं आम्ही घेत नव्हतो.

साहेबांची बदली झाली. या पेटीमुळे नव्हे. सगळ्यांच्या होतात तशी झाली. शेवटच्या दिवशी ते पटापट साचलेल्या फायलींवर सह्या करत होते. मी कपाटातून आप्पाची फाईल काढली आणि गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली. त्यांनी न बघता सही केली असं मी बरेच दिवस सांगत असे. खरं म्हणजे सही करताना त्यांचं पेन किंचित थांबलं होतं. मग त्यांनी सही केली आणि खाली तारीखही नीट घातली.

परवाना क्रमांक एक. तो मी मारुतीकरवी पाठवू शकले असते. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्वतःच घेऊन गेले.

आप्पाचं घर पालिकेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. दारात त्याची सायकल. आत त्याची बायको बसली होती, शांताबाई. जन्मभर बिड्या वळलेल्या. पुढ्यात सूप नव्हतं तरी बोटं मांडीवर काहीतरी वळल्यासारखी हलत होती. मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन आलंय?"

"पालिकेतल्या आक्का," आप्पा म्हणाला.

"पेटीवाल्या? या, बसा. मला दिसत न्हाई बगा. धा वर्सं झाली. वाट मातूर पायाला म्हाईत हाय. देवळाला मी येकटीच जातो, कुनाला हात धरू देत न्हाई." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं, 'जातो'. मग त्या हसल्या. "येकदाच पडलो. स्टँडच्या कोपऱ्यावर. हाताचं हाड मोडलं. कशाला धडकलो सांगा बगू."

मी आप्पाकडे बघितलं. तो स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होता, पाठमोरा. शर्टावर बोटांचे दोन पट्टे.

"ह्येंच्याच पेटीला," शांताबाई म्हणाल्या. "रोज असती तितनं त्या दिवशी अर्धा फूट म्होरं सरकवून ठेवलीती ह्येंनी. माजा अदमास चुकला."

"अर्धा न्हवं," आप्पा मागे न वळता म्हणाला. "पाऊन फूट."

त्यानं चहा गाळून कप माझ्यापुढं ठेवला. मी पिशवीतून परवाना काढून दिला. त्यानं हात पुसले, कागद उजेडात धरून सगळा वाचला आणि विचारलं, "ह्यो काचेच्या आत लावायचा का भाईर? कलमात 'दर्शनी' म्हटलंय."

त्याला सांगावंसं वाटलं की ही नियमावली एका माणसाचा चेहरा फोटोत आला नाही म्हणून केली होती. बर्फासकट दुसऱ्या कुणाचीतरी होती. मंजूर करणाऱ्यांपैकी कुणी ती वाचलेली नव्हती. पण त्या घरात ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आत लावा. पावसात भिजणार नाही."

नवे साहेब आले. त्यांनी जुन्या नियमांचा आढावा घेतला. 'शहरातील सार्वजनिक फूटपाथवर सद्यःस्थितीत अशी एकही पेटी नसल्याने नियमावली रद्द करण्यात यावी,' असं टिपण तयार झालं. ते खरंच होतं. पेटी फूटपाथवर नव्हती; परवाना मिळाला तरी जप्तीचा आदेश कुणी मागं घेतला नव्हता, म्हणून ती आमच्या गोडाऊनमध्येच होती. सभेनं पुन्हा एकमतानं ठराव केला, आणि नियमच उरले नाहीत म्हटल्यावर जप्तीही उरली नाही. पेटी सोडून देण्यात आली.

मी आप्पाला हे सांगायला खाली गेले. तो पेटीचं झाकण पुसत होता.

"आप्पा, कलमं गेली सगळी. आता पेटी कुठंही ठेवा. स्टँडच्या कोपऱ्यावर न्या परत, गिऱ्हाईक तिथंच आहे."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "गेली म्हंजे समदी गेली?"

"सगळी."

"सातवं बी?"

"सातवं बी."

"तितं साडेतीनच फूट हाय वो आक्का," तो म्हणाला. त्यानं मारुतीला हाक मारली, दोघांनी मिळून पेटी उचलली आणि पालिकेच्या दारासमोर, भिंतीला अगदी खेटून ठेवली.

पुढच्या वर्षी माझी बदली बेळगावला झाली. आता कॅम्पाच्या बाजूला राहते. पेपर मोबाईलवर वाचते, इतरांसारखाच. त्या गावात मुद्दाम जाणं झालं नाही. गेल्या थंडीत मावसबहिणीकडे लग्नाला निपाणीला निघाले होते. वाटेत त्या गावात, स्टँडला शिरायच्या आधी, गाडी पालिकेसमोर अडकली. समोर उसाचा ट्रॅक्टर वळत होता, दोन ट्रेलर लावलेला. सकाळचे आठ वाजले असतील.

खिडकीतून पाहिलं तर फूटपाथवरून शांताबाई चालल्या होत्या. हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. देवळाकडे निघाल्या असाव्यात. चाल बेताची, पण मान ताठ. त्यांच्या मागून चार पावलांवर आप्पा येत होता, अनवाणी. चपला त्यानं हातात धरल्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं.

फूटपाथ जिथं अरुंद होतो तिथं कुणीतरी मोटारसायकल आडवी लावली होती. शांताबाई तिच्यापासून दहा-बारा पावलांवर होत्या. आप्पा रस्त्यावर उतरला, ट्रॅक्टरच्या कडेनं भरभर पुढं गेला, मोटारसायकलचं मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ती खाली रस्त्यावर ओढली आणि परत मागे जाऊन आपल्या चार पावलांच्या अंतरावर चालू लागला. त्याला धाप लागलेली दिसत होती. शांताबाईंनी काठी पुढं टेकली. वाट मोकळी लागली. त्या पुढं गेल्या.

ट्रॅक्टर वळला आणि आमची गाडी सुटली.